एन्ट्री लेव्हल लक्झरी सेडानचे जास्तीचे पैसे वसूल होतात का: आमच्या साडूभाऊंचं प्रकरण

नाशिकच्या अंबड एमआयडीसीत माझ्या साडूभाऊंचं मशीन शॉप आहे. तीन व्हीएमसी (धातू कापणारी, कॉम्प्युटरवर चालणारी मशीनं), दोन सीएनसी टर्निंग, एक जुना लेथ जो विकायचा विकायचा म्हणत पाच वर्षं कोपऱ्यात उभा आहे, आणि चौदा माणसं. गाड्यांच्या कंपन्यांच्या वेंडरांचं जॉबवर्क. वय सेहेचाळीस, मशीनचं कर्ज फिटत आलेलं, मुलगी बारावीला. २०२५ च्या ऑगस्टमध्ये एका रविवारी मिसळ खायला भेटलो होतो, पापड तर्रीत मोडता मोडता एकदम म्हणाले, "साडूभाऊ, यंदा बीएमडब्ल्यू थ्री सिरीज घेऊनच टाकू का?"

पॉलिटेक्निकला असताना यांच्या होस्टेलच्या खोलीत ई४६ चं, म्हणजे तेव्हाच्या थ्री सिरीजचं, पोस्टर होतं, हे मला ताईकडून (म्हणजे माझ्या थोरल्या मेहुणीकडून) आधीच माहीत होतं. म्हणजे खूळ नवीन नाही, पंचवीस वर्षांचं आहे. मी अकाउंट्स आणि टॅक्सचं काम करतो, त्यांचं रिटर्न मीच भरतो, त्यामुळे मला विचारलं की मी आधी कॅल्क्युलेटर काढणार हे त्यांना ठाऊक होतं, तरी विचारलं. पुढचे सहा-सात आठवडे आम्ही दोघांनी यात घातले. त्यानंतर अजून तिघांनी मला हाच प्रश्न विचारला आणि प्रत्येकाला फोनवर अर्धा अर्धा तास सांगून घसा बसला, म्हणून एकदाचं लिहून काढतोय.

पहिली गोष्ट मी सांगितली ती म्हणजे थांबा. १५ ऑगस्टच्या भाषणात जीएसटी बदलणार हे पंतप्रधान बोलले होते, ३ सप्टेंबरला कौन्सिलचा निर्णय झाला आणि २२ सप्टेंबरपासून लागू. त्याआधी चार मीटरपेक्षा लांब आणि १५०० सीसीच्या वरच्या सेडानवर २८ टक्के जीएसटी अधिक २० टक्के सेस, म्हणजे ४८. आता सेस गेला आणि सरळ ४० टक्के. लोकांना वाटतं आठ टक्के स्वस्त झाली, तसं नसतं, १४८ चे १४० होतात म्हणजे साधारण साडेपाच टक्के. २०२५ च्या सुरुवातीला थ्री सिरीजमधली ३३०एलआय एम स्पोर्ट ६२ लाख ६० हजार एक्स-शोरूमला आली होती, ती या हिशोबाने ५९ लाख २० हजारांच्या आसपास उतरत होती. म्हणजे नुसतं थांबून तीन लाख चाळीस हजार. साडूभाऊ म्हणाले, "एवढ्यात तर वर्षभराचे इन्सर्ट, मशीनची कापायची पाती, येतील."

पण एक्स-शोरूम आकड्यावर कुणी गाडी घरी आणत नाही. महाराष्ट्रात पेट्रोल गाडीला वैयक्तिक नावावर दहा लाखांपर्यंत ११, दहा ते वीस लाख १२ आणि वीसच्या वर १३ टक्के रोड टॅक्स आहे, आणि गाडी कंपनीच्या नावावर घेतली की २० टक्के. इथे बरेच जण फसतात. कुणीतरी सांगतं "अरे कंपनीच्या नावावर घे, डेप्रिसिएशन (घसाऱ्याची टॅक्समध्ये वजावट) मिळतं", आणि माणूस प्रायव्हेट लिमिटेडच्या नावावर घेऊन पहिल्याच दिवशी सात टक्के जास्त भरून मोकळा. ५९ लाखांवर सात टक्के म्हणजे चार लाखांच्या वर! साडूभाऊंची फर्म प्रोप्रायटरी आहे, तिथे माणूस आणि धंदा एकच पॅन, त्यामुळे गाडी स्वतःच्या नावावर घेऊन १३ टक्केच भरायचे आणि धंद्यासाठी जेवढी वापरली तेवढ्या भागाचं डेप्रिसिएशन तरीही घ्यायचं. जीएसटीचं इनपुट क्रेडिट (भरलेला जीएसटी वळता करून घेणं) मात्र विसरा, तेरा सीटपर्यंतच्या प्रवासी गाडीवर ते कलम १७(५) ने बंद आहे. गाड्या विकणारे, भाड्याने चालवणारे किंवा ड्रायव्हिंग शिकवणारे सोडले तर मिळत नाही, शोरूमवाला काहीही म्हणू दे.

तर नवी गाडी: ५९.२० अधिक रोड टॅक्स ७.७०, इन्शुरन्स झिरो डेप सगळं धरून दोन लाखांच्या वर, आणि १ टक्का टीसीएस, म्हणजे विकणाऱ्याने आधीच गोळा केलेला आयकर, जो रिटर्नमध्ये परत वळता होतो पण आज खिशातून जातोच. सत्तर लाखांना चिकटली.

समोर काय ठेवायचं तुलनेला? लोक इथे चुकतात, सत्तर लाखांची सेडान पंचाहत्तर लाखांच्या सेडानशी ताडून बघतात, आणि मग साहजिकच स्वस्त वाटते. मी समोर फोक्सवॅगन व्हर्टस जीटी ठेवली. दीड लिटर टर्बो, १५० पीएस, २५० न्यूटन मीटर, सुरक्षिततेला ग्लोबल एनकॅपचे पाच तारे, ५२१ लिटरची डिकी, चाकणला बनते, तेव्हा नाशिकमध्ये ऑन-रोड बावीस लाखांच्या आत-बाहेर. फरक सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस लाख.

आकडा ऐकून साडूभाऊ थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हणजे एक व्हीएमसी आणि वर टूलिंग." मी म्हटलं हो, आणि ती व्हीएमसी दोन शिफ्ट चालून पैसे आणेल, ही पार्किंगमध्ये उभी राहून घालवेल. शिवाय तेवढेच पैसे बँकेत साडेसहा टक्क्यांनी ठेवले तरी वर्षाला तीन लाख व्याज. पेट्रोलवरून मात्र उगाच भांडू नका. एक दहाचा ॲव्हरेज देईल, दुसरी तेराचा, वर्षाला पंधरा हजार किलोमीटर धरले तर फरक साडेतीनशे लिटरचा, छत्तीस-सदतीस हजार रुपये. एवढ्या मोठ्या गोणीत ही मूठ आहे.

आता माझी बाजू आधीच उघड करतो. माझ्याकडे २०२१ ची स्कोडा ऑक्टाव्हिया आहे, त्यामुळे लक्झरी ब्रँडला पैसे देणाऱ्यांकडे मी थोडा तिरका बघतो. याचं कारणही आहे. २०२१ साली एकाच फोक्सवॅगन ग्रुपच्या तीन गाड्या बाजारात होत्या: ऑक्टाव्हिया २५ लाख ९९ हजारांपासून, सुपर्ब ३१ लाख ९९ हजारांपासून आणि ऑडी ए४ ४२ लाख ३४ हजारांपासून. तिन्हीत दोन लिटर टर्बो पेट्रोल, १९० पीएस, ३२० न्यूटन मीटर, सात गिअरचा ड्युअल क्लच ऑटोमॅटिक, ताकद पुढच्या चाकांना. तिन्ही जुळायच्या पण एकाच ठिकाणी, संभाजीनगरच्या शेंद्र्याला! ऑडीत इंजिन लांबीत बसवलेलं, प्लॅटफॉर्म वेगळा, आतलं काम जास्त नाजूक, हे खरं, पण सोळा लाखांचा फरक पडण्याएवढं मला तरी कधी जाणवलं नाही. माझा समज असा झाला होता की लक्झरीचे जास्तीचे पैसे म्हणजे बोनेटवरच्या चकतीचे पैसे. (ऑक्टाव्हिया आणि सुपर्ब २०२३ ला बीएस६ या प्रदूषण नियमांच्या दुसऱ्या टप्प्याच्या वेळी बंद झाल्या, त्यामुळे त्या किमतीत हा मधला पर्यायच उरला नाही.)

हा समज सावळ घाटात मोडला, ते सांगतो.

ठाण्याच्या डीलरने टेस्ट ड्राइव्हची गाडी नाशिकला पाठवली होती, सोबत एक तरुण एक्झिक्युटिव्ह, बिचाऱ्याला वाटलं गंगापूर रोडला एक चक्कर मारून सोडतील. साडूभाऊंनी गाडी थेट पेठ रोडला घातली. मी माझी ऑक्टाव्हिया घेऊन मागे. सप्टेंबर, नुकताच पाऊस पडून गेलेला, रस्ता ओला, कडेला शेवाळ, मधूनच गुरं. सावळ घाटातून पुढे गेलो, कोटंबीच्या बाजूला चहाला थांबलो आणि गाड्या बदलल्या.

माझ्या गाडीत चढावरचं वळण संपताना ॲक्सिलरेटर अर्धा दाबला की पुढच्या दोन चाकांना दोन कामं एकदम करावी लागतात, वळायचं पण आणि ओढायचं पण. वजन तेव्हा मागे झुकलेलं असतं, पुढचं टायर हलकं झालेलं, त्यामुळे आतलं चाक किंचित फिरतं, स्टिअरिंग हातात जरा ओढल्यासारखं होतं आणि इलेक्ट्रॉनिक्स मध्ये पडून ताकद कापतं. चार वर्षं मी हे नॉर्मलच समजत होतो. ३३०एलआयमध्ये ढकलण्याचं काम मागच्या चाकांचं, पुढची फक्त वळतात. त्याच वळणावर तेवढाच पाय दिला आणि मागून कुणीतरी पाठीवर हात ठेवून पुढे सरकवल्यासारखी गाडी निघाली, स्टिअरिंगमध्ये काहीच नाही, सायीसारखं स्वच्छ. एकदा जास्त दाबलं तेव्हा ट्रॅक्शन कंट्रोलचा दिवा लुकलुकला, म्हणजे ओल्यात मस्ती करायची नाही हेही गाडीने सांगितलं. २५८ हॉर्सपॉवर, ४०० न्यूटन मीटर, शून्य ते शंभर ६.२ सेकंद हे सगळं ब्रोशरमध्ये वाचून आलो होतो, पण मला पटलं ते या वळणावर, आणि तेव्हा वेग पन्नासच्या पण खाली होता. एक्झिक्युटिव्ह मागच्या सीटवर वरचं हँडल धरून बसला होता, तो काही बोलला नाही.

दुसरा फरक येताना नाशिकच्या द्वारका सर्कलला कळला. त्या सर्कलवर संध्याकाळी काय असतं ते नाशिककरांना सांगायला नको, त्यात सिंहस्थाची कामं सुरू म्हणून जिकडे तिकडे खोदलेलं. ड्युअल क्लचची जातच अशी की पायी चालण्याच्या वेगाने रांगताना जराशी अडखळते, कारण तिथे क्लच प्लेटच घासत घासत जुळते. ३३०एलआयमध्ये झेडएफ कंपनीचा आठ गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे मधे तेल, त्यामुळे ब्रेक सोडला की गाडी लोण्यावरून सरकल्यासारखी पुढे. रोज अंबड ते इंदिरानगर करणाऱ्या माणसाला शून्य-ते-शंभरपेक्षा हे शून्य-ते-दहा जास्त उपयोगाचं आहे असं माझं मत झालं.

तिसरी चाचणी समृद्धी महामार्गावर, इगतपुरीहून भिवंडीजवळच्या आमण्याकडे. तो शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा जून २०२५ ला सुरू झाला आणि मधला पावणेआठ किलोमीटरचा बोगदा आल्यापासून कसाऱ्याचा घाट टळतो. सपाट भागात एकशेवीसची मर्यादा आहे, तेवढ्यावर आठव्या गिअरमध्ये सुई दोन हजारांच्या आसपास, आपण बोलतोय ते मागच्या सीटवर ऐकू जातं. तरी काँक्रीटवर टायरचा आवाज येतोच, सत्तर लाख देऊन अगदी शांतता मिळते असं कुणी समजू नये. आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर एकशेवीसला व्हर्टसही सरळ रस्त्यावर छान जाते. फरक दीड तासानंतर कळतो, उतरल्यावर कंबर आणि कान किती थकलेत त्यावरून. महिन्यातून एकदा मुंबईला जाणाऱ्याने त्यासाठी सत्तेचाळीस लाख द्यावेत का? मी नाही म्हणेन. साडूभाऊ महिन्यातून पाच-सहा वेळा जातात, कधी चाकण, कधी भिवंडी, कधी ठाणे. त्यांचं गणित वेगळं.

मग आले अण्णा. अण्णा म्हणजे साडूभाऊंचे वडील, दिंडोरीकडे द्राक्षाचा मळा, एका गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. ही लाँग व्हीलबेसची गाडी, २९६१ मिलीमीटर, नेहमीच्या थ्री सिरीजपेक्षा ११ सेंटीमीटर जास्त, आणि ते सगळे मागे पायाला दिलेले, त्यामुळे आमची समजूत अशी की अण्णांसाठी याहून उत्तम काय. अण्णांनी काठी बाहेर गाडीला टेकवली (एक्झिक्युटिव्हचा जीव वर), एक हात दाराला, एक हात छपराला, आणि हळूहळू खाली, खाली, अजून खाली. बसल्यावर पाय मस्त लांब केले, सीटवरून हात फिरवला. उतरायची वेळ आली तेव्हा दोघांनी दोन्ही दंड धरून उठवावं लागलं. बाहेर उभं राहून धोतर नीट केलं आणि म्हणाले, "गाडी चांगलीये रे, पण विहिरीत उतरल्यावानी वाटतं."

शिवाय मळ्याचा रस्ता. डांबर संपल्यावर दीड किलोमीटर मुरूम, मध्ये चारी, पावसाळ्यात बैलगाडीची चाकोरी. चार माणसं बसवून ही गाडी तिथे न्यायची म्हणजे पोट घासून घ्यायचं. म्हणजे घरची गाडी हे काम हिच्याकडून होणार नाही, बोलेरो राहणारच. कागदावर मी हा एक कॉलम पुसून टाकला.

आता जो मुद्दा कुठल्याच रिव्ह्यूमध्ये नसतो तो. मी विचारलं, "कंपनीत कोणती गाडी घेऊन जाणार?" साडूभाऊ हसले. त्यांचा शेजारचा गाळेवाला, त्याने दोन वर्षांपूर्वी अशीच एक मोठी जर्मन गाडी घेतली आणि हौसेने ती घेऊन एका मोठ्या गिऱ्हाइकाच्या प्लांटला रेट रिव्हिजनच्या मीटिंगला गेला. परचेसवाल्याने खिडकीतून पार्किंगकडे बघितलं, चहा मागवला आणि म्हणाला, शेठ बरं चाललंय की, मग यावेळी तीन टक्के तुम्हीच सोडा. ॲल्युमिनियमचे भाव चढलेत, लाइटबिल वाढलंय, सगळं सांगून झालं, पण पार्किंगमधली गाडी खोटं कशी बोलणार! वर्षभराच्या धंद्यावर तीन टक्के म्हणजे गाडीच्या हप्त्याएवढेच गेले.

ज्याला बँकेत, बिल्डर लॉबीत किंवा हॉस्पिटलच्या धंद्यात पत दाखवायची त्याला बॅजचे पैसे परत मिळत असतील. जॉबवर्कवाल्याला बॅज उलटा पडतो. म्हणून साडूभाऊंनी तेव्हाच ठरवलं की जुनी वॅगनआर विकायची नाही, प्लांटला तिच्यातच जायचं. पण मग धंद्याचे किलोमीटर कोणत्या गाडीवर पडणार, हा प्रश्न मी तेव्हाच जोरात विचारायला पाहिजे होता. नाही विचारला. पुढे येतोय तो.

एवढं झाल्यावर माझं मत असं बनलं: जास्तीच्या पैशातला काही भाग खरा आहे, पण तो सगळा स्टिअरिंग धरणाऱ्याच्या वाट्याला येतो. मागे बसणाऱ्याला अर्धा, बाहेरून बघणाऱ्याला शून्य किंवा उणे. आणि त्या खऱ्या भागासाठी नवी गाडीच लागते असं नाही. मागचं चाक ढकलणं चार वर्षांनी जुनं होत नाही.

सेकंडहँडमध्ये २०२१ ची ३३०एलआय एम स्पोर्ट मिळाली. सप्टेंबरमधली पासिंग, पहिला मालक, एमएच ०४, चौतीस हजार किलोमीटर, डीलरच्या सर्टिफाइडमधली, वर दोन वर्षांची वॉरंटी, सदतीस लाख. ही गाडी २०२१ ला आली तेव्हा एम स्पोर्टची किंमत ५३ लाख ९० हजार एक्स-शोरूम होती, म्हणजे रस्त्यावर त्रेसष्टच्या घरात. पहिल्या मालकाचे चार वर्षांत सव्वीस लाख गेले. भागून बघा, दिवसाला जवळपास अठराशे रुपये, गाडी हलली तरी आणि नुसती पार्किंगमध्ये धूळ खात बसली तरी. राज्यातलीच गाडी, त्यामुळे नवा रोड टॅक्स नाही, फक्त ट्रान्सफर. व्हर्टसशी फरक सत्तेचाळीसवरून पंधरा लाखांवर आला, आणि पंधरा लाखांत व्हीएमसी येत नाही, हे साडूभाऊंनी स्वतःच मोठ्याने म्हणून घेतलं.

ठाण्याला बघायला गेलो तेव्हा मी सीटबेल्ट पूर्ण शेवटपर्यंत ओढून काढले, सगळेच. तिकडच्या गाड्यांची मला धास्ती, एकदा बेसमेंटमध्ये पाणी शिरलं की गाडी कितीही धुतली तरी बेल्टच्या आतल्या टोकाला मातीची रेघ राहते. सेल्समन म्हणाला, "सर, एवढं कुणी बघत नाही." मी म्हटलं म्हणूनच. रेघ नव्हती. टायरवरचा चार आकडी कोड बघितला, चारपैकी तीन २०२१ चेच, म्हणजे लवकरच बदलायचे, त्यावरून साठ हजार कमी करून घेतले (वरचे सदतीस लाख ते कमी होऊनच). पेंटची जाडी मोजणारा मीटर एका ओळखीच्या गॅरेजवाल्याकडून मागून नेला होता, मागचा डावा दरवाजा परत रंगवलेला निघाला, हिस्ट्रीत तो क्लेम होता, जुळलं. पेट्रोलचं पण विचारलं. एप्रिल २०२३ च्या आधीची गाडी, आणि आता पंपावर सगळीकडे ई२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल घातलेलं पेट्रोल, येतंय, त्यामुळे ही गाडी किती इथेनॉल चालवून घेते ते तोंडी न ऐकता लेखी घेतलं.

घ्यायची कधी? घरच्यांचं म्हणणं दिवाळीच्या पाडव्याला, सगळे एकत्र असतात. मी म्हटलं दसऱ्याला. कारण इन्कम टॅक्समध्ये गाडीवर १५ टक्के डेप्रिसिएशन आहे, पण वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरली तर निम्मंच. २ ऑक्टोबर ते ३१ मार्च मोजा, १८१ दिवस! २२ ऑक्टोबरच्या पाडव्याला घेतली असती तर साडेसात टक्क्यांवर आलो असतो. आपलं पंचांग आणि आयकराचं पंचांग एका दिवसाने का होईना जुळलं, याचा मला इतका आनंद झाला की ताई म्हणाली, "गाडी कोण घेतंय, तुम्ही का हे?" झेंडूचा हार, नारळ, लिंबं चाकाखाली, आणि त्याच दिवशी साडूभाऊ अंबडला शॉपवर मशीनच्या पूजेला तीच गाडी घेऊन गेले, म्हणजे वापरात आल्याची तारीखही पक्की.

माझा अंदाज असा होता: गाडी सदतीस, वर ट्रान्सफर वगैरे धरून ३७ लाख ४० हजार, १५ टक्के म्हणजे ५ लाख ६१ हजार, त्यातला धंद्याचा वापर साठ टक्के धरू, तीस टक्क्यांच्या स्लॅबमध्ये लाखभर रुपये टॅक्स पहिल्याच वर्षी वाचतो. साठ टक्के हवेत राहू नये म्हणून ग्लोव्ह बॉक्समध्ये एक दोनशे पानी वही ठेवली. तारीख, कुठून कुठे, किलोमीटर, काम, आणि कोण चालवत होतं.

सहा महिन्यांत एक मोठा खर्च झाला. डिसेंबरात रात्री येताना खोदकामाच्या कडेला न दिसलेला खड्डा, पुढचं डावं चाक धाडकन आत. १८ इंची चाक, टायरची भिंत बोटभर, अलॉयला पोच आणि टायरला बाजूला लिंबाएवढा फुगा. टायर सत्तावीस हजार, अलॉय सरळ करायला सात. इन्शुरन्समध्ये टायरचं कव्हर घेतलेलं नव्हतं, ते माझं चुकलं, चार-पाच हजार वाचवायला गेलो. व्हर्टसच्या टायरमध्ये रबर जास्त, ती कदाचित सुटली असती, निदान बिल तिसऱ्या हिश्शात निभावलं असतं. लक्झरी गाडी जुनी झाली की तिची किंमत उतरते, तिच्या पार्ट्सची नाही, हे घेणाऱ्याने भिंतीवर लिहून ठेवावं. आम्ही वर्षाला दीड लाख रुपये गाडीच्या नावाने वेगळे ठेवतो, सर्व्हिस, टायर, किरकोळ सगळं त्यातून. ते ठेवायची तयारी नसेल तर सदतीस लाखांची पण घेऊ नका.

बाकी साडूभाऊ खूश आहेत का? आहेत. महिन्यातून दोन रविवार पहाटे साडेपाचला पेठ रोडला जातात, एकटे, नऊच्या आत परत, येताना मिसळ. चाकणची मीटिंग असली तर? वॅगनआर. भिवंडीला मटेरियल बघायला? तेही बहुतेक वॅगनआरच, कारण गोडाऊनबाहेर ट्रकच्या गर्दीत ही लावायला जीव होत नाही.

मार्च संपल्यावर मी ती वही मागवली. सहा महिन्यांत नऊ हजार चारशे किलोमीटर, मला वाटलं वा, भरपूर झाले. मग रकान्याप्रमाणे बेरीज केली. धंद्याचे तीन हजार चारशे. पेठ रोडचे हजार-बाराशे. उरलेले सगळे ताईच्या अक्षरात: मुलीचा क्लास, गंगापूर रोड, माहेरी, शिर्डी, पुण्याला मामेबहिणीकडे, परत गंगापूर रोड, आणि एक नोंद नुसतीच "सहज, समृद्धी". टेस्ट ड्राइव्हच्या दिवशी ताई मागे बसली होती आणि एक शब्द बोलली नव्हती, आम्ही दोघांनी तिला चालवायची आहे का हे विचारलंसुद्धा नव्हतं.

धंद्याचा वापर छत्तीस टक्के. माझी लाखाची बचत साठ हजारांवर आली. साडूभाऊंना फोन करून आकडा सांगितला तर म्हणाले जरा थांबा, मी वॅगनआर चालवतोय, ती तिकडे घेऊन गेलीये.